सडकेला उतार

आधी मामांचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. मामा म्हणजे आमच्या खोल्यांचे मालक. मला रस्ता ओलांडून द्यायचे ते मामाच. ऐकणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही, हे मला माहीत आहे. मी सांगायला बसते तेव्हा बाया विचारतात, मग पुढे काय केलं त्यांनी? पुढे काही नाही. रस्ता ओलांडून दिला, एवढंच. पण ज्याच्या दारासमोरून बायपास जातो त्याला बाकीचं समजावून सांगावं लागत नाही.

मी भंडाऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि नवऱ्यासोबत एकदम औरंगाबादला आले. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. माहेर इतकं लांब, की आई वारली असती तरी तोंड बघायला मिळालं नसतं, अशी भीती मला रोज वाटायची. नवरा कंटेनरवर ड्रायव्हर. चेन्नईला गेला की पंधरवडा तिकडेच. खोलीत मी आणि भिंतीवरची पाल. पालीशी बोलायला लागले तेव्हा मीच घाबरले आणि समोरच्या हॉटेलात पोळ्या लाटायचं काम धरलं.

समोर म्हणजे अगदी समोर. खोलीच्या दारातून हॉटेलाची पाटी वाचता यायची. पण मध्ये बायपास. आमच्या गावाकडे रस्ता हा चालायचा असतो. तो ओलांडायचाही असतो, आणि त्यासाठी वेगळी छाती लागते, हे मला इथे आल्यावर कळलं. पहिल्या दिवशी मी कडेला उभी राहिले. ट्रक गेला, बस गेली, परत ट्रक. एक पाऊल टाकायचे, मागे घ्यायचे. शेवटी रडत खोलीकडे वळले, तर गल्लीच्या तोंडाशी बाजेवर बसलेले मामा भाकरी खाता खाता माझ्याकडेच बघत होते. डोक्याला पांढरा पटका, आणि भर उन्हाळ्यात खांद्यावर घोंगडी.

त्यांनी विचारलं, "कुठली गं तू?"

"भंडाऱ्याची, मामाजी."

मी मामाजी म्हणाले आणि त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात; इथेही तसंच काहीसं असावं. "म्या काय तुझा सासरा हाय व्हय? मामा म्हण नुसतं." मग एकदम हसू थांबवून त्यांनी भाकरी खाली ठेवली, हात पटक्याला पुसला आणि कपाळाला लावला. म्हणाले, "भंडाऱ्याची म्हणजी खंडोबाचीच की."

मामा धनगर. खंडोबाला उधळायची हळद, तो भंडारा, आमच्या जिल्ह्यात तयार होतो आणि तिथून साऱ्या मुलखाला जातो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आमच्याकडे धान पिकतं, तलाव आहेत, हळदीचं तसं काही नाही, असं मी पुष्कळदा सांगून पाहिलं. ते म्हणायचे, "तुला ठावं नसंल. बाईमाणूस कुठं समदा मुलूख हिंडतं." त्या दिवसापासून माझं नाव भंडारा पडलं. पोळ्या लाटणाऱ्या बाईला कोणी भंडारा म्हणून हाक मारतं आणि ती ओ देते, हे ऐकून हॉटेलातले लोक हसायचे. मला बरं वाटायचं. या शहरात मला कोणीतरी माझ्या गावाच्या नावाने हाक मारत होतं.

वय विचारलं की मामा म्हणायचे, पोलीस ॲक्शनच्या, निजाम हरला त्या साली माझे दुधाचे दात पडत होते, आता तुम्हीच हिशोब करा. त्यांचा जन्म गंगापूरच्या अंगाचा, गोदावरीच्या काठाचा. तरणेपण मेंढरांमागे गेलं. बायपासच्या कडेला कधीतरी थोडं रान घेतलं. पुढे सडक रुंद झाली तेव्हा त्यातलं काही सडकेत गेलं, काही पोरांनी विकलं, आणि उरल्या तुकड्यावर आमच्या पत्र्याच्या खोल्या. विकलेल्या रानावरच समोर, हॉटेलाला लागून, एक नवीन कॉम्प्लेक्स उभं राहत होतं. आमचं हॉटेल होतं तिथे मामांची विहीर होती म्हणे. ते आत मात्र कधी आले नाहीत. काचेच्या दाराला हात लावायची त्यांना लाज वाटायची.

मामांची बायको फार वर्षांपूर्वी वारली होती. थोरला मुलगा पुण्याला, धाकटा लासूर स्टेशनला, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्याची अडत. मामा एकटेच. चूल बाजेशेजारी, आणि जेवायला बसायचं ते सडकेकडे तोंड करून. मी एकदा विचारलं, असं धुळीत का जेवता? तर म्हणाले, कोणी जात-येत असलं की घास उतरतो.

त्यांची भाषा न्यारी होती. गाड्यांना ते पाणी म्हणायचे. सकाळी कडेला उभं राहून डाव्या-उजव्या अंगाला बघायचे आणि सांगायचे, "आज पाणी लई हाय, दमानं घ्या." मेंढरं घेऊन ते गोदावरी ओलांडायचे तेव्हा नदीला जिथे पाणी उथळ असतं, माणूस-जनावर पार होतं, त्या जागेला उतार म्हणायचे. तोच शब्द त्यांनी इकडे आणला. डिव्हायडरला एका जागी माणूस जाईल एवढी फट होती. काम चालू असताना कुठल्यातरी डंपरने तो तुकडा फोडला आणि मग कोणी जोडलाच नाही. ती फट म्हणजे आमचा उतार. "एवढ्या मोठ्या गंगेला उतार ऱ्हातो, मंग सडकेला का नसावा?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे; गंगा म्हणजे त्यांची गोदावरीच. पलीकडे फुटपाथवर चढवून लावलेल्या गाड्यांना ते बसलेली म्हसरं म्हणायचे आणि हातातली काठी त्यांच्या पाठीवर हलकेच मारायचे. एका गाडीचा भोंगा वाजायला लागला आणि थांबेचना, तेव्हा मात्र ते खरंच ओशाळले.

आणि भोरी. सगळा कळप विकला तेव्हा ही एक मेंढी त्यांनी ठेवून घेतली होती. मला वाटायचं, एकट्याला सोबत म्हणून ठेवली असेल. खरं काय ते माझ्या नवऱ्यामुळे कळलं. तो एकदा गाडीवरून आला होता, मामांनी त्याला बाजेवर बसवून घेतलं.

"तू चालवतो ना रं एवढं मोठं धूड. माणूस आडवं आलं तर थांबतो का?"

नवऱ्याने मान खाजवली. म्हणाला, "माणूस सरकतंच मामा. हॉर्न दिला की सरकतं."

"आन मेंढरू आलं तर?"

"मग थांबावंच लागतं. मेंढराला काय कळतंय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलं का भंडारा? आपल्याला कळतं, ह्योच आपला गुन्हा."

म्हणून आम्ही मेंढीच्या मागून जायचो. सकाळी कामाच्या वेळेला मामा गल्लीच्या तोंडाशी उभे राहून हाळी द्यायचे, चला रं. खोल्यांतून आम्ही सगळे निघायचो. शोरूममध्ये काम करणारी पोरं, दवाखान्यात झाडूला जाणाऱ्या दोघी, मी. एकट्याने ओलांडायचं नाही, हा त्यांचा नियम, भाड्याच्या नियमापेक्षा कडक. ज्याच्या कानाला मोबाइल असेल त्याचा मोबाइल ते काढून घोंगडीत टाकायचे आणि पलीकडे गेल्यावर परत द्यायचे. मग दातांतून एक लांब आवाज काढून भोरीला पुढे घालायचे. काठी आडवी धरलेली. "अंगाला अंग लावून चाला. मधी फट ठिवली का तिथूनच पाणी घुसतंय." आणि खरंच, भरधाव आलेला ट्रक करकचून थांबायचा. ड्रायव्हर खिडकीतून भोरीकडे बघायचा. आमच्याकडे नाही. आम्ही माना खाली घालून तिच्या मागून पार व्हायचो. शोरूमच्या पोरांना लाज वाटायची, ती जरा मागे रेंगाळायची. मला कसली लाज. मामांच्या घोंगडीला त्या मेंढीचा वास यायचा, तो नाकात असेपर्यंत मला काही होणार नाही, असं वाटायचं.

मला दिवस गेले. याआधी एकदा राहिलेलं पडलं होतं, त्यामुळे दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं, चढायचं नाही, उड्या नाही, धक्का लागू द्यायचा नाही. शेजारणी म्हणाल्या, काम सोड. पण काम सोडून कुठे जायचं? खोलीतच. नवरा रस्त्यावर, आई भंडाऱ्याला. मी दिवसभर त्या पत्र्याखाली बसले असते तर पोटातलं राहिलं असतं की नाही माहीत नाही, मी वेडी झाले असते. मी मामांना विचारलं. ते पोटाकडे न बघता सडकेकडे बघू लागले. म्हणाले, गाभण मेंढरू कळपात मधी चालवत्यात. दुसऱ्या दिवसापासून मला मध्ये घेतलं.

तोपर्यंत कॉम्प्लेक्स पुरतं उघडलं होतं. दवाखाना आणि गाड्यांची शोरूम आधीच चालू होती, आता लग्नाचा हॉलही. गेटातून गाड्या बाहेर पडायच्या त्या न बघता. आता दोन्हीकडून येणाऱ्या पाण्यात तिसरी धार येऊन मिळाली, असं मामा म्हणाले. भोरीसुद्धा कडेला थबकायला लागली. मग एक दिवस कळलं, सडकेचे साहेब पाहणीला येणार आहेत. मामांनी धुतलेला पटका बांधला. साहेबांना सांगणार होते, इथे नीट उतार करून द्या, रुंद, आधी दोन्हीकडे गाड्या हळू करायची सोय असलेला. शोरूममधला एक पोरगा, तसा भला, त्याने मामांना अडवलं. "मामा, उतार म्हणू नका, साहेबांना वाटेल चढ-उताराचं बोलताय. डिव्हायडरला जागा ठेवतात ना, तिला पंक्चर म्हणतात."

त्याचं खरं होतं. या शहरात सगळे तसंच म्हणतात. मला आधी वाटायचं टायरचं काहीतरी असेल.

मामा तो शब्द घोकत बसले. साहेब आले, गाडीतून उतरले, म्हणाले, बोला बाबा, काय अडचण? मी दोन पावलांवर उभी होते. मामांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, तेवढं हितलं पंक्चर काढा."

विहीर काढतात, पाट काढतात, वाट काढतात, तसं मामांनी पंक्चर काढायला सांगितलं. साहेबांनी फटीकडे बघितलं. माणसं तिथून घुसतात, धोक्याचं आहे, हे त्यांनाही दिसलं. म्हणाले, "अगदी बरोबर बोललात बाबा. काढून टाकू." मामांच्या खांद्यावर हात ठेवला. असे साहेब पाहिले नाहीत, असं मामा संध्याकाळभर सांगत होते. सगळ्या खोल्यांत त्यांनी गुळाचा खडा वाटला.

आठवड्यात माणसं आली, सिमेंट घेऊन. मामांनी त्यांना चहा पाजला. फट बुजवायला लागली तेव्हा मामा मला म्हणाले, आधी बारकं बुजवत्यात, मंग मोठं काढत्यात, पक्क्या कामाची रीतच हाय. माणसांनी डिव्हायडरवर लोखंडी जाळी बसवली, पार चौकापर्यंत. हत्यारं टेम्पोत टाकली. मामा टेम्पोजवळ गेले आणि विचारलं, आता पंक्चर कधी काढणार? मुकादम म्हणाला, काढलं की बाबा.

ते मामांच्या ध्यानात यायला वेळ लागला. मला आधी कळलं, पण मी बोलले नाही. ते जाळीला हात लावून उभे होते. मग येऊन बाजेवर बसले. शोरूमची पोरं साहेबांना शिव्या द्यायला लागली, तर मामांनी त्यांना गप केलं. "सायबाची चूक नाय. शब्द माझ्या तोंडचा व्हता. उतार म्हणलो असतो तर निदान इचारलं तरी असतं, उतार म्हंजी काय."

मग जो तो आपापली सोय बघायला लागला. पोरं जाळीवरून चढून जायची. दवाखान्यातल्या दोघींनी काम सोडलं. पान टपरीवर बसणारे मामांना विचारायचे, काय मामा, पंक्चर निघालं का? मामा हसायचे, पण जेवताना आता तोंड भिंतीकडे करायला लागले होते.

सकाळची हाळी मात्र चुकली नाही. चला रं, असं ते तेवढ्याच मोठ्याने म्हणायचे, जसं काही सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत. निघायचे मी आणि भोरी. जाळीवर मला चढता येत नव्हतं. म्हणून आम्ही लांबचा फेरा घ्यायचो. कडेकडेने चौकापर्यंत चालायचं, डिव्हायडर संपतो तिथे ओलांडायचं, आणि पलीकडून तेवढंच परत यायचं. फुटपाथवर म्हसरं बसलेली, म्हणून सडकेवरूनच. आतल्या अंगाला मी, मग मामा, आणि बाहेरून भोरी. मला हॉटेलाच्या मागच्या दाराशी सोडून ते परत जायचे, संध्याकाळी परत यायचे. आत मात्र नाही. मी बाहेर येईपर्यंत मागच्या भिंतीला टेकून बसलेले असायचे. आम्ही फारसं बोलायचो नाही. मी एकदा म्हणाले, मामा, तुम्हाला माझ्यासाठी चार वेळा ही पायपीट. ते म्हणाले, मला तरी दुसरं कोण हाय. मग बहुतेक ते ऐकून मला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं, म्हणून म्हणाले, "आन खंडोबा इचारल की, माझा भंडारा कुठं सांडला म्हणून."

सातवा सरत आला होता. एका संध्याकाळी, अजून ऊन होतं, आम्ही परत येत होतो. चौकाशी ओलांडायला उभे होतो. कॉम्प्लेक्सच्या गेटातून निघालेल्या गाड्या फेरा वाचवायला उलट्या बाजूने यायला लागल्या होत्या. आम्ही बघत होतो उजवीकडे. टेम्पो आला डावीकडून. मला एवढंच कळलं, की मामांनी मला खांद्याने आत ढकललं, आणि मी एका उभ्या गाडीला टेकले. पोटाला काही लागलं नाही. भोरीचा आवाजही आला नाही. ती टेम्पोपुढे पडली होती.

टेम्पोवाला उतरला. तरणा पोरगा. भोरीकडे बघून त्याने श्वास सोडला आणि म्हणाला, "वाचलो. मेंढी हाय."

 मामा सडकेवर गेले, दोन्हीकडून गाड्या येत असताना, आणि भोरीजवळ मांडी घालून बसले. तिचं डोकं मांडीवर घेतलं. गाड्या थांबल्या. सडकेत माणूस मेंढी घेऊन बसलाय म्हटल्यावर थांबणारच. आधी पुढच्या, मग मागच्या, मग पलीकडच्या बाजूचे बघायला म्हणून थांबले. भोंगे सुरू झाले. लोक उतरून आले, कोणी म्हणे बाबा उठा, कोणी म्हणे भरपाई घ्या पण उठा. मी रडत त्यांच्याजवळ गेले, हात धरून उठवायला.

मामांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हळू आवाजात म्हणाले, "भंडारा, बघत काय बसली. समदं थांबलंय. म्या उठलो का चालू व्हईल. जा, वलांड."

मी म्हणाले, तुम्हाला सोडून कशी जाऊ?

"गाभण हाय तू. जा म्हणलो ना."

आणि मी गेले. एकटी. गाड्यांच्या तोंडांसमोरून, पोटावर हात धरून. बायपास पहिल्यांदाच गप्प उभा होता. पलीकडे पोचून वळून बघितलं, तर गर्दीतून मामा दिसत नव्हते, नुसता पटका दिसत होता. मी पोचल्याचं कोणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण मग तो पटका उठला.

दुसऱ्या दिवशी लासूरहून धाकटा मुलगा आला. त्याला कोणीतरी मोबाइलवर तो सगळा प्रकार दाखवला होता. माझ्या बापाला वेड लागलं असं लोक बोलतात, असं तो म्हणत होता, आणि म्हणताना रडत होता, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना. संध्याकाळच्या आत मामांना घेऊन गेला. जीपमध्ये बसताना मामांनी गल्लीकडे बघितलं, पण हाळी दिली नाही. त्यानंतर मी काम सोडलं. मुलगी झाली, धड, रडकी, गोरीपान. पुढे खोल्याही विकल्या गेल्या आणि आम्ही शहराच्या दुसऱ्या अंगाला राहायला आलो. इथे समोर सडक नाही. पण मला हाक मारणारंही कोणी नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाचा नंबर मिळाला. फोन सुनेने घेतला, मग मामांना दिला. मी कोण ते सांगावं लागलं नाही. मुलगी कशी आहे, चालते का, पाय मजबूत आहेत का, असं विचारलं. मग म्हणाले, चांगली हायेत समदी, भाकरी येळंला देत्यात. पुढे म्हणाले, "पण हितं बी सडक मोठी करायलेत. पोरगं भेतंय. दाराला आतून कडी असती."

मी विचारलं, दिवसभर मग काय करता?

"खिडकीतून बघतो. समोर लिंब हाय एक, सडकेपल्याड. माझ्या वयाची माणसं बसत्यात त्याच्याखाली. कोण हायेत काय म्हायती, हितून वळखू येत न्हाय."

तेवढ्यात सून आली आणि फोन ठेवावा लागला.

मला साहेबांशी बोलता येत नाही, परक्या घराच्या दारात उभी राहिले की घाम फुटतो. तरी मी लासूरला जाणार आहे. पोरीला कडेवर घेऊन जाईन. त्यांची सून नको म्हणेल, मुलगा रागावेल, तर ते सगळं ऐकून घेईन आणि मग कडी काढायला सांगेन. मामांचा हात धरून सडक ओलांडीन आणि त्यांना त्या लिंबाखाली त्या माणसांत बसवीन. त्यांच्या गप्पा होईपर्यंत कडेला थांबेन. आणि परत आणायला दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.